टी पेशी गप्प कशी बसते? फॉस्फेट, युबिक्विटिन आणि इम्युनिटीचे सिग्नल

इम्युनिटीबद्दल कुठेही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास सापडतं, की जंतू आला, पेशीच्या रिसेप्टरने त्याला ओळखलं, आत सिग्नल गेला आणि पेशी कामाला लागली. यातला "आत सिग्नल गेला" हा तुकडा आला की सगळेच घाईघाईने पुढे जातात. पण सिग्नल गेला म्हणजे नक्की काय गेलं? आत वायर तर नाहीये. टी पेशीच्या (जंतूंशी लढणाऱ्या एका पांढऱ्या रक्तपेशीच्या) बाबतीत जंतूचा तुकडाही आत शिरत नाही, तो बाहेरच राहतो. आणि नवीन प्रोटीन बनवत बसायला वेळही नसतो, कारण जीन वाचून प्रोटीन तयार व्हायला बराच वेळ जातो आणि टी पेशीच्या आत पहिले बदल तर काही सेकंदांत दिसतात. मग होतं काय, तर जी प्रोटीन्स आधीपासून पेशीत हजर आहेत त्यांच्यावरच बारीक बारीक रासायनिक खुणा लावल्या जातात किंवा असलेल्या पुसल्या जातात, आणि त्या खुणेमुळे प्रोटीनचा आकार बदलतो, जागा बदलते, ते कोणाला चिकटणार हे बदलतं, कधीकधी तर त्याचं आयुष्यच संपतं. यालाच प्रोटीन मॉडिफिकेशन म्हणायचं, आणि इम्यून पेशींचा बहुतेक कारभार यावरच चालतो.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी खूण म्हणजे फॉस्फेट. प्रोटीन ही अमिनो ॲसिडची साखळी, त्यातल्या सेरीन, थ्रिओनिन आणि टायरोसिन या तिघांवर फॉस्फेट चिकटवता येतं. चिकटवणारं एन्झाइम म्हणजे कायनेज, ते एटीपी या पेशीच्या ऊर्जा-रेणूमधलं एक फॉस्फेट उचलून प्रोटीनवर लावतं, आणि ते काढून टाकणारं एन्झाइम म्हणजे फॉस्फेटेज. फॉस्फेट वजनाला किरकोळ, साधारण ८० डाल्टन, म्हणजे ५० हजार डाल्टनच्या प्रोटीनपुढे काहीच नाही, पण त्याच्यावर निगेटिव्ह चार्ज असतो, आणि जिथे काही चार्ज नव्हता तिथे अचानक तो आला की प्रोटीनची घडी हलते, किंवा दुसऱ्या एखाद्या प्रोटीनला तिथे बसायला जागा मिळते. माणसाच्या जीनोममध्ये ५०० च्या वर कायनेज आहेत, त्यातली ९० फक्त टायरोसिनवर काम करणारी.

हे सगळं इम्युनिटीच्या अभ्यासातून सापडलेलं नाही बरं का. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५५ च्या सुमारास स्नायूंमधलं ग्लायकोजेन तोडणारं एन्झाइम फॉस्फेट लावल्यावर कसं चालू होतं हे दाखवलं आणि त्याचं नोबेल त्यांना १९९२ मध्ये मिळालं. टायरोसिनवर फॉस्फेट लागतं हे तर १९७९ पर्यंत कोणाला माहीतच नव्हतं. सॉल्क इन्स्टिट्यूटमधल्या टोनी हंटर यांनी त्या वेळी ताजा बफर (अमिनो ॲसिड वेगळी करताना लागणारं ठरावीक पीएचचं द्रावण) बनवायचा कंटाळा केला आणि जुनाच वापरला, त्याचा पीएच १.९ ऐवजी १.७ वर आलेला होता, आणि तेवढ्या फरकाने आतापर्यंत थ्रिओनिनच्या फॉस्फेटबरोबर एकाच ठिपक्यात दिसणारं टायरोसिनचं फॉस्फेट बाजूला सरकून वेगळा ठिपका म्हणून दिसलं. बफर ताजा असता तर हा शोध तेव्हा त्यांच्या हातून निसटलाच असता. पेशीतल्या एकूण फॉस्फेट-खुणांपैकी टायरोसिनवरच्या खुणा एक टक्काही नसतात, आणि तरी टी पेशी असो नाहीतर अँटिबॉडी बनवणारी बी पेशी, अँटीजेन (म्हणजे ओळखायचा तो तुकडा) भेटल्यावरचं पहिलं पाऊल याच खुणेचं असतं.

आता टी पेशीत डोकावू. टी पेशीचा रिसेप्टर बाहेरून भारी आहे, हजारो प्रकारच्या तुकड्यांमधून आपला तुकडा ओळखतो, पण आतून एकदम लंगडा, कारण ओळखणाऱ्या दोन साखळ्यांची पेशीच्या आत आलेली शेपूट इतकी छोटी असते की तिला काही करताच येत नाही. त्याला स्वतःचं कायनेजही नाही. म्हणून त्याच्यासोबत सीडी३ कुटुंबातल्या सहा साखळ्या जोडलेल्या असतात आणि त्यांच्या शेपट्यांवर आयटॅम नावाचे ठरावीक पट्टे असतात. प्रत्येक आयटॅमवर दोन टायरोसिन, आणि एका रिसेप्टरमागे असे दहा आयटॅम, म्हणजे वीस टायरोसिन. हा पट्टा वेगवेगळ्या रिसेप्टरांमध्ये सारखाच येतोय हे मायकल रेथ यांनी १९८९ मध्ये लक्षात आणून दिलं, बी पेशीच्या रिसेप्टरमागेही तोच आहे, आणि आज कॅन्सरवरच्या ज्या कार-टी उपचाराची (रुग्णाच्याच टी पेशींना बनावट रिसेप्टर बसवून परत देण्याची) एवढी चर्चा आहे त्यातल्या बनावट रिसेप्टरच्या शेपटीलाही हाच पट्टा जोडतात.

रिसेप्टरने तुकडा पकडला की एलसीके नावाचं कायनेज आयटॅमच्या टायरोसिनवर फॉस्फेट लावतं. मग येतं झॅप-७०. याच्याकडे फॉस्फेट लागलेल्या टायरोसिनला धरणारे दोन खिसे असतात, एका आयटॅमवरच्या दोन्ही टायरोसिनना फॉस्फेट लागलं असेल तरच ते घट्ट बसतं, एकावरच लागलं असेल तर धड टिकत नाही. बसल्यावर एलसीके त्यालाही फॉस्फेट लावून चालू करतं, मग झॅप-७० पुढे लॅट नावाच्या प्रोटीनवर फॉस्फेट लावतं, लॅटवर चार-पाच जण येऊन गोळा होतात, त्यातल्या एका एन्झाइममुळे पेशीतलं कॅल्शियम वाढतं, आणि हे सगळं साधारण मिनिटभरात.

पुस्तकातल्या आकृतीत हे फार देखणं दिसतं, एकाखाली एक नावं आणि मध्ये बाण. माझी तक्रार त्या बाणांबद्दलच आहे. बाण बघून वाटतं की रिसेप्टरला काही चिकटेपर्यंत आत सगळं बंद, निवांत, आणि चिकटलं की सुरू. तसं अजिबात नाहीये. याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे व्हॅनेडियमचं एक संयुग, परव्हॅनेडेट. हे टायरोसिनवरचं फॉस्फेट काढणाऱ्या फॉस्फेटेजना बंद पाडतं, बाकी कायनेजना ते काही उत्तेजन देत नाही. ते नुसतं टी पेशींवर टाकलं, कुठलाही अँटीजेन न देता, तर थोड्याच वेळात पेशीभर टायरोसिनवर फॉस्फेट साठतं आणि पेशी अँटीजेन भेटल्यासारखी वागायला लागते. म्हणजे लावणारी एन्झाइम आधीपासूनच लावत होती, काढणारी तितक्याच वेगाने काढत होती म्हणून काही दिसत नव्हतं. तळाला भोक असलेल्या बादलीवर नळ सुरू ठेवला तर पाण्याची पातळी जागची हलत नाही, म्हणून नळ बंद आहे असं थोडीच म्हणता येतं. टी पेशीचं गप्प बसणं हे असंच, एटीपी खर्च करून सतत चालवलेलं काम आहे. याचा फायदा असा की चालू व्हायला शून्यापासून तयारी करावी लागत नाही, काढणाऱ्याला जरा बाजूला केलं की झालं.

बाजूला करतात कसं, तेही बघण्यासारखं आहे. एलसीकेवर दोन महत्त्वाचे टायरोसिन आहेत, ५०५ नंबरचं आणि ३९४ नंबरचं. ५०५ वर फॉस्फेट असलं की एलसीके स्वतःभोवतीच दुमडून बंद होतं, ३९४ वर असलं की पूर्ण जोरात चालतं. ५०५ वरचं फॉस्फेट लावायचं काम सीएसके नावाच्या कायनेजचं आणि काढायचं काम सीडी४५ चं. सीडी४५ हे टी पेशीच्या पृष्ठभागावर प्रचंड प्रमाणात असणारं फॉस्फेटेज. म्हणजे सीडी४५ ने ५०५ चं काढलं तर एलसीके मोकळं होतं, पण हेच सीडी४५ ३९४ वरचंही काढू शकतं आणि आयटॅमवरचंही काढतं, म्हणजे तेच एन्झाइम पेशीला तयारही ठेवतं आणि आवरूनही धरतं. मग तुकडा पकडल्यावर काय बदलतं? सगळ्यात जास्त मानली जाणारी कल्पना अगदी साध्या मापाची आहे. रिसेप्टरने समोरच्या पेशीवरचा तुकडा धरला की दोन्ही पेशींच्या पडद्यांमध्ये साधारण १५ नॅनोमीटरची फट उरते, आणि सीडी४५ चं बाहेरचं डोकं एवढं उंच आहे की ते त्या फटीत मावत नाही, त्यामुळे ते तिथून बाहेर ढकललं जातं. एलसीके मात्र पडद्याच्या आतल्या बाजूला असतं, त्याला उंचीची अडचण नाही, ते तिथेच राहतं. आता लावणारा आहे आणि काढणारा नाही, की आयटॅमवर फॉस्फेट टिकायला लागलं.

पण यातून दुसरा प्रश्न येतो आणि तो माझ्या मते जास्त अवघड आहे. टी पेशी दिवसभर आपल्याच शरीरातल्या प्रोटीनच्या तुकड्यांना चाचपत असते, त्यांनाही तिचा रिसेप्टर थोडाफार चिकटतोच, मग तेव्हा पेशी का भडकत नाही? फरक असतो किती वेळ चिकटून राहिलं याचा, आणि तो फरक कित्येकदा काही सेकंदांचाच असतो. टिमथी मॅककीथन यांनी १९९५ मध्ये सुचवलं की रिसेप्टर आणि शेवटचा सिग्नल यांच्यामध्ये एकामागून एक बऱ्याच पायऱ्या असतील, प्रत्येकीला थोडा वेळ लागत असेल आणि मध्येच तुकडा सुटला तर तोवर लागलेली सगळी फॉस्फेट पुसली जात असतील, तर फक्त दीर्घकाळ टिकणारी पकडच शेवटपर्यंत पोचेल. या पायऱ्यांपैकी एक मुद्दाम संथ ठेवलेली आहे हे २०१९ मध्ये स्पष्ट दिसलं. लॅटवर १३२ नंबरचं टायरोसिन आहे, कॅल्शियमचा रस्ता त्याच्यावरून जातो. झॅप-७० ला टायरोसिनच्या शेजारी निगेटिव्ह चार्जचं अमिनो ॲसिड आवडतं, पण इथे शेजारी बसलंय ग्लायसिन, ज्याला चार्जच नाही. त्यामुळे या एका जागी फॉस्फेट लागायला बाकीच्यांपेक्षा उशीर होतो. संशोधकांनी त्या ग्लायसिनच्या जागी चार्जवालं ॲस्पार्टेट घातलं, तर फॉस्फेट लगेच लागायला लागलं, आणि ज्या कमजोर तुकड्यांना टी पेशी एरवी दाद देत नाही त्यांनाही ती प्रतिसाद द्यायला लागली. आपलं कोण आणि परकं कोण, एवढा मोठा निर्णय, आणि त्याचा एक भाग एका ग्लायसिनच्या आळशीपणावर उभा आहे.

फॉस्फेट लावलं म्हणजे चालू आणि काढलं म्हणजे बंद, असाही नियम नाहीये. एनफॅट नावाचं प्रोटीन घ्या, टी पेशीत आयएल-२ चं (टी पेशींना वाढायला लावणाऱ्या प्रोटीनचं) जीन चालू करायला ते लागतं. शांत पेशीत एनफॅटवर भरपूर फॉस्फेट असतात आणि त्यामुळे ते न्यूक्लियसच्या बाहेर अडकून राहतं. कॅल्शियम वाढलं की कॅल्सिन्युरिन नावाचं फॉस्फेटेज जागं होतं, ही फॉस्फेट काढतं, आणि एनफॅट आत शिरतं. अवयव बदलल्यावर रुग्णाला जी सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस दिली जातात ती नेमकी इथे काम करतात. तीही थेट नाही, औषध आधी पेशीतल्याच एका दुसऱ्या प्रोटीनला चिकटतं आणि ती जोडी जाऊन कॅल्सिन्युरिनचं तोंड अडवते, हे कोडं १९९१ मध्ये सुटलं, सायक्लोस्पोरिन तर त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होतं. नव्या किडनीवर टी पेशी तुटून पडत नाहीत यामागे काही फॉस्फेट जागच्या जागी राहणं एवढंच असतं, आणि हेच औषध जंतूंशी लढायची ताकदही कमी करतं, कारण रस्ता दोन्हीसाठी एकच आहे.

आता दुसऱ्या मोठ्या खुणेकडे, युबिक्विटिन. ही खूण म्हणजे स्वतःच एक पूर्ण प्रोटीन, ७६ अमिनो ॲसिडचं, जे दुसऱ्या प्रोटीनच्या लायसिनवर चिकटवलं जातं, आणि मग युबिक्विटिनवर युबिक्विटिन अशी साखळी होते. साखळी ४८ नंबरच्या लायसिनवरून वाढवली असेल तर त्या प्रोटीनचा निकाल लागला, प्रोटिअसोम नावाचं यंत्र त्याचा भुगा करतं. या शोधासाठी सीचानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण साखळी ६३ नंबरवरून वाढवली, किंवा एकाला एक डोक्या-शेपटीने सरळ जोडली, तर भुगा होत नाही, उलट त्या साखळीवर सिग्नलची मंडळी येऊन जमतात. खूण तीच, फक्त कुठून जोडली यावर अर्थ ठरतो.

हे दोन्ही प्रकार आणि फॉस्फेट एकाच रस्त्यावर बघायचे असतील तर मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशीतलं एनएफ-कॅपा-बी बघा. हे प्रोटीन रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये बी पेशींमध्ये शोधलं, नंतर कळलं की ते जवळपास सगळ्याच पेशींत असतं, आणि सूज आणणारी शेकडो जीन चालू करतं. शांत पेशीत त्याला आय-कॅपा-बी नावाचं प्रोटीन धरून ठेवतं. बॅक्टेरियाच्या आवरणाचा तुकडा मॅक्रोफेजच्या टीएलआर४ रिसेप्टरला लागला की आत ट्राफ६ नावाचं एन्झाइम ६३ वाल्या साखळ्या विणायला लागतं, त्या साखळ्यांवर कायनेज येऊन बसतात, ती आयकेके नावाच्या कायनेजला चालू करतात, आणि आयकेके आय-कॅपा-बीच्या ३२ आणि ३६ नंबरच्या सेरीनवर फॉस्फेट लावतं. ही दोन फॉस्फेट म्हणजे पुढच्या एन्झाइमसाठी पत्ता, ते येऊन ४८ वाली साखळी चढवतं आणि अर्ध्या तासाच्या आत आय-कॅपा-बी गायब. एनएफ-कॅपा-बी मोकळं होऊन न्यूक्लियसमध्ये जातं, आणि जी जीन चालू करतं त्यात एक जीन आय-कॅपा-बीचंच असतं, म्हणजे आपल्याला बांधणारा दोर आपणच परत वळून घेतं. दुसरं जीन असतं ए२० नावाच्या प्रोटीनचं, जे युबिक्विटिनच्या साखळ्यांचा हा सिग्नल आवरतं. ए२० च्या जीनच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडली तरी काय होतं हे २०१६ मध्ये समोर आलं: काही कुटुंबांमध्ये लहानपणापासून ताप, तोंडात आणि गुप्तांगावर फोड, सांधेदुखी, आणि कारण सापडत नव्हतं. जंतू काहीच नव्हता, आवरणारा कमी पडत होता.

कॅन्सरची नवी इम्यूनोथेरपी पण शेवटी इथेच येते. पीडी-१ नावाचा रिसेप्टर तासुकू होंजो यांच्या लॅबने १९९२ मध्ये शोधला, आणि २०१८ चं नोबेल त्यांना जेम्स ॲलिसन यांच्याबरोबर मिळालं. पीडी-१ च्या शेपटीवरही टायरोसिन आहेत, त्यांच्यावरही एलसीकेसारखं कायनेज फॉस्फेट लावतं, इथवर सगळं आयटॅमसारखंच, पण या फॉस्फेटला येऊन चिकटतं एसएचपी-२, जे स्वतः फॉस्फेटेज आहे, आणि ते जवळपासच्या चालू सिग्नलवरची फॉस्फेट पुसून टाकतं, खास करून सीडी२८ या टी पेशीला जोर देणाऱ्या रिसेप्टरवरची. ट्यूमरच्या पेशी पीडी-१ ला चालू करणारं प्रोटीन अंगावर मिरवतात आणि टी पेशीला थंड पाडतात. पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब ही अँटिबॉडी औषधं बाहेरून पीडी-१ झाकतात. मग काही रुग्णांना थायरॉइडला, आतड्याला, फुप्फुसाला सूज का येते तेही कळतं, ट्यूमरपुरतंच पुसणं थांबवायची सोय त्या औषधात नाही.

जन्मतः एखादं कायनेजच नसेल तर? १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रूटन यांनी सारख्या इन्फेक्शनने आजारी पडणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात अँटिबॉडीचा भागच नाहीये हे दाखवलं. कारण १९९३ मध्ये सापडलं, बीटीके नावाचं एक टायरोसिन कायनेज, ते नसेल तर बी पेशी तयारच होत नाहीत. झॅप-७० नसलेली बाळं १९९४ मध्ये ओळखली गेली, त्यांच्यात सीडी८ टी पेशी (बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या) जवळपास नसतात आणि सीडी४ (इतर पेशींना मदत करणाऱ्या) असतात पण त्या काम करत नाहीत. एकीकडे ही उणीव जीवघेणी, तर दुसरीकडे बी पेशींच्या कॅन्सरमध्ये तेच बीटीके मुद्दाम बंद करतात. इब्रुटिनिब बीटीकेच्या ४८१ नंबरच्या सिस्टीनला कायमचं चिकटतं, म्हणजे तसं बघितलं तर औषध हेच एक मॉडिफिकेशन. रूमेटॉइड आर्थ्रायटिससाठीचं टोफासिटिनिब जॅक कायनेजना अडवतं, २०१२ पासून वापरात आहे, आणि नागीण उठायचा धोका त्याच्यासोबत येतो.

बाकी खुणा बऱ्याच आहेत, चरबीची शेपटी लावून प्रोटीनला पडद्याला टांगणं (एलसीके असंच टांगलेलं असतं), साखरेच्या फांद्या लावणं, आर्जिनिनचं सिट्रुलिन करणं, ज्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी रूमेटॉइड आर्थ्रायटिसच्या तपासणीत बघतात. त्या प्रत्येकीवर वेगळं लिहावं लागेल.

जंतूंना मात्र हा सगळा कारभार आपल्यापेक्षा फार आधीपासून कळलेला आहे. प्लेगचा बॅक्टेरिया, यर्सिनिया, सुईसारख्या यंत्रातून आपली प्रोटीन्स थेट इम्यून पेशीत टोचतो. त्यातलं योप-एच हे माहीत असलेल्या सगळ्यात जोरकस टायरोसिन फॉस्फेटेजपैकी एक, ते पेशीतली फॉस्फेट साफ करून टाकतं. योप-जे त्याहून बेरकी, ते आयकेकेसारख्या कायनेजवर जिथे फॉस्फेट लागायला हवं नेमक्या त्याच सेरीन-थ्रिओनिनवर ॲसिटिल गट लावून बसतं, जागा अडवली की फॉस्फेट लागणार कुठे.

आणि पेशीचं उत्तर बघा. मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पेशींमध्ये पायरिन नावाचं पहारेकरी प्रोटीन असतं. त्याच्या दोन सेरीनवर कायम फॉस्फेट लावलेलं असतं, आणि ते फॉस्फेट असेपर्यंत पायरिन गप्प असतं. हे फॉस्फेट लावणारं कायनेज चालतं रो-ए नावाच्या प्रोटीनच्या जोरावर. यर्सिनियाची आणखी काही टोचलेली प्रोटीन्स रो-ए ला बंद पाडतात, म्हणजे पेशीला जंतू गिळता येऊ नये. पण रो-ए बंद, की कायनेज बंद, की पायरिनवरचं फॉस्फेट गळतं, की पायरिन जागं होऊन सूज पेटवतं. पेशी जंतूला ओळखायच्या भानगडीतच पडत नाही, आपली शांतता राखणारी यंत्रणा कोणी मोडली एवढंच ती बघते. यावरही यर्सिनियाकडे तोड आहे, योप-एम, ते पेशीचीच कायनेज ओढून आणून पायरिनवर परत फॉस्फेट लावून घेतं. फॅमिलियल मेडिटेरेनियन फीव्हर या आजारात पायरिनच्या जीनमध्ये बदल असतो, त्या लोकांना अधूनमधून विनाकारण ताप आणि पोटदुखीचे झटके येतात, पण त्यांच्या पायरिनला योप-एम तितकंसं दाबू शकत नाही. भूमध्य समुद्राभोवतीच्या लोकांमध्ये हा बदल एवढा का टिकून राहिला, याचं एक स्पष्टीकरण म्हणून २०२० मध्ये संशोधकांनी प्लेगच्या जुन्या साथींकडे बोट दाखवलं. त्या झटक्यांवर आजही कोल्चिसिन देतात, आणि ते ज्या वाटांनी काम करतं त्यातली एक म्हणजे रो-ए ला परत चालू करून पायरिनवर फॉस्फेट टिकवणं.